मथुरा प्रकरणाचं पत्र आणि हजेरीचा नियम
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. समाजकार्य शिकले आणि बायकांबरोबर कोर्टाच्या बाकांवर बसून थोडाफार कायदा कळला. तरी आज एका कायद्याच्या कॉलेजाविषयी बोलणार आहे, कारण आपल्या चळवळीशी त्याचं थेट नातं आहे.

दिल्ली विद्यापीठाचा कायदा विभाग १९२४ साली सुरू झाला. पहिली स्त्री तिथे शिकवायला आली ती १९५३ साली. त्या लोतिका सरकार. विषय फौजदारी कायदा, म्हणजे बायकांना झेपणार नाही असं तेव्हा मानलं जाई तोच! १९६६ साली विभागाने शिकवण्याची पद्धत बदलली. पाठ्यपुस्तकातली कलमं घोकण्याऐवजी मूळ निकालपत्रं वर्गात वाचायची, न्यायाधीश या निष्कर्षाला कसे आले ते विचारायचं.

या सवयीचा आपल्याला केवढा उपयोग झाला पाहा. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार झाला नसावा, असा त्यांचा तर्क. रात्री ठाण्यात, दार लावलेलं, समोर वर्दी. त्या पोरीने प्रतिकार करायचा तो कसा, हे निकालात शोधून सापडत नाही.

हा निकाल वाचून गप्प न बसणारे चौघे होते. दिल्लीच्या विभागातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. १६ सप्टेंबर १९७९ ला त्यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीने शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला गाभा. कायद्याच्या प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला असं जाहीर विचारणं तेव्हा ऐकिवात नव्हतं. १९८० च्या ८ मार्चला मोर्चे निघाले ते याच प्रकरणावर. निकाल बदलला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरावं, अशी तरतूद आली.

आता त्याच विभागातली दुसरी गोष्ट, २०१८ सालची. तिथल्या एका विद्यार्थिनीला चौथ्या सत्रात मूल झालं. हजेरी ७० टक्के हवी होती, तिची भरली पन्नासच्या आतच. परीक्षेला बसू दिलं नाही. ती उच्च न्यायालयात गेली. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तीही स्त्रीच. कायद्याचा अभ्यासक्रम व्यावसायिक आहे, बार कौन्सिलचा हजेरीचा नियम बाळंतपणासाठी शिथिल करता येणार नाही, असं सांगून याचिका फेटाळली. नोकरदार बाईला बाळंतपणाची रजा देणारा कायदा १९६१ साली आला, विद्यार्थिनीला तो लागू नव्हता.

वर्गात सतत बसायला कोणाला जमतं? जिच्या मागे स्वयंपाक, म्हातारी माणसं, तान्हं मूल नाही तिला. मग निकालपत्रांना प्रश्न विचारणाऱ्या बाया वकिलीत येणार कुठून?

एक काम सुचवते. आपापल्या गावच्या लॉ कॉलेजात जा. बाळंतिणीच्या हजेरीचं काय करता, पाळणाघर आहे का, संध्याकाळच्या वर्गानंतर मुली घरी कशा जातात, हे विचारा. उत्तर लेखी मागा. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या.