थंडीची रात्र आणि शेगडी



१९९८ सालीं अकोल्यापासून निराळा झालेल्या आपल्या वाशीम जिल्ह्यांत हिमवर्षाव होत नाहीं. उन्हाळ्याची तयारी येथें घरोघरीं असते. थंडीसाठीं मात्र एक गोधडी अधिक काढली कीं कर्तव्य संपलें, असें आपण मानतों. परंतु डिसेंबर-जानेवारींत आकाश निरभ्र झालें आणि उत्तरेचा कोरडा वारा वऱ्हाडांत शिरला, कीं दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें गमावते. पैनगंगेकांठच्या सखल भागांत तर थंड हवा सांचून राहते. मैदानी प्रदेशांत किमान तपमान १० अंश सेल्सिअस वा त्याखालीं जाऊन तें नेहमींपेक्षां निदान साडेचार अंशांनीं उतरलें, म्हणजे हवामानखातें त्यास थंडीची लाट म्हणतें.

अशा रात्रीं मला अधिक भय वाटतें तें शेगडीचें. दारें-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून, शेगडी खाटेजवळ ओढावयाची. धूर गेला, निखारे लाल झाले, आतां भीति नाहीं, अशी समजूत! धूर निदान डोळ्यांना झोंबून सावध तरी करतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना गंध. रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें ह्या वायूला धरून ठेवतें. मग श्वास चालू असूनहि शरीराला प्राणवायु मिळेनासा होतो. डोकें जड होतें, मळमळतें, गुंगी येते. आणि थंडीच्या रात्रीं ही गुंगी सुखाची झोंपच वाटते.

म्हणून शेकावयाचें तें अंगणांत. निजण्यापूर्वीं निखारे बाहेरच पाण्यानें विझवावे. राखेखालीं झांकलेला निखाराहि वायु सोडतच असतो. कोणी गुंगींत आढळल्यास त्यास प्रथम मोकळ्या हवेंत आणावें व तत्काळ दवाखान्यांत न्यावें. कांदा हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. तान्ह्या मुलाला शेगडीपेक्षां आईच्या उघड्या छातीची ऊब बरी; वरून दोघांवर पांघरूण घालावें.

आपल्या घरचें कोणी गांवीं रात्रीं हरभऱ्याला पाणी देण्यास जात असेल, तर त्याजबरोबर कोरड्या कपड्यांचा एक जोड अवश्य द्या. ओल्या अंगाला वारा लागला कीं शरीराची उष्णता फार वेगानें जाते. कुडकुडणें थांबलें पण बोलणें अडखळूं लागलें, तर माणूस सांवरला असें समजूं नका. ओले कपडे काढा, कोरडें पांघरवा, वैद्यकीय मदत बोलवा. पुरता शुद्धीवर असल्यास ऊन चहा द्या. दारूचा घोट मात्र नको. तिनें कातडीला ऊब भासते आणि आंतली उष्णता तेवढी बाहेर जाते.