गाणे की भांडण?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच जागी मी उरलेल्या पोळ्यांचे प्रकार सांगितले होते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "काहीतरी नवे बोला." नवे म्हणजे काय बोलावे? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दिवाळीनंतर आमच्या घरात एक प्रकार घडला, तोच सांगते.

आमचे धाकटे चिरंजीव यंदा बारावीला. रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, मधूनच मान हलवायचा, उजवा हात हवेत झाडायचा. मला वाटले, अभ्यासाचे पाठांतर चालले आहे. सासूबाईंना वाटले, दृष्ट लागली. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, तरी हात झाडणे थांबेना. शेवटी मी दरडावून विचारले, तेव्हा म्हणाला, "आई, रॅप करतोय." आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

गाण्याचे नाव 'मेरे गली में'. मी लगेच म्हटले, "अरे, गली स्त्रीलिंगी! 'मेरी गली में' पाहिजे. एवढे मला सातवीतलीला कळते!" तो म्हणाला, "आई, मुंबईत असंच बोलतात." मी गप्प बसले, कारण माझे हिंदी ऐकून आमचा भाजीवालासुद्धा मराठीत बोलू लागतो.

बरे, गाणे सुरू झाले. म्हणजे तो म्हणाला की सुरू झाले. मी आपली पेटी कधी वाजेल, सूर कधी लागेल याची वाट पाहत होते. दोन पोरे एकामागून एक बोलत होती, बोलत होती आणि बोलतच होती. मी विचारले, "गाणे कधी लागणार?" तर म्हणे, "अगं, अर्धं झालं!" हात असे, की वाळवणावरचे कावळे हाकलावेत. मागे मित्रांचा हा घोळका! लग्नात नवऱ्यामुलाच्या मागे बिनकामाचे वऱ्हाडी उभे असतात ना, तसा. मी विचारले, "कोणाशी भांडताहेत एवढे?" सासूबाई तर कळवळून म्हणाल्या, "अरे, त्या लेकराला दम लागेल, कोणीतरी पाणी द्या."

आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. मुलगा मात्र हसला नाही. मोबाईल खिशात घालून निघून गेला. त्या रात्री जेवणावर एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हटले, आता नीट सांग. तेव्हा कळले, की हे गाणे २०१५ चे. गाणाऱ्यांतला एक अंधेरीचा विवियन फर्नांडिस, त्याला डिव्हाइन म्हणतात. दुसरा कुर्ल्याचा नावेद शेख, त्याला नेझी म्हणतात. या नेझीला वडिलांनी एक आयपॅड दिला होता. त्यावरच त्याने २०१४ साली आपले 'आफत' हे गाणे भरले आणि त्याचे चित्रीकरणही त्यावरच केले. ना स्टुडिओ, ना वाद्यवृंद. पुढे या दोघांवरून सुचलेला 'गली बॉय' हा झोया अख्तरचा चित्रपट २०१९ साली आला. तो आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल.

मला अधिक गंमत वाटली ती अमेरिकेतल्या मूळ कथेची. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने आपल्या इमारतीच्या सामायिक खोलीत नाचगाण्याची मेजवानी ठेवली. कशाला? तर शाळा उघडणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट तिकीट, मुलांना पन्नास. हिशेब पाहिलात? आपल्या खजिनदारबाईंनी नोंद घ्यावी. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला कूल हर्क म्हणत. त्याच्या लक्षात आले होते, की गाणारा थांबून नुसता ताल वाजतो तिथेच पोरे खरी नाचतात. पण ती जागा लगेच संपते. म्हणून त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ताल संपत आला की दुसरीवरचा सुरू! त्या लांबवलेल्या तालावर बोलता बोलता हा रॅप वाढला. म्हणजे श्रेय भावाला मिळाले, पण खटाटोप बहिणीचा.

हे ऐकले आणि माझे हसू जरा ओसरले. मंगळागौरीला आपण सासूसुनेचा झगडा म्हणतो, तेव्हा सूर कुठे असतो हो? पायाचा ताल आणि तोंडाचा सपाटा! तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही, कोणाशी भांडता म्हणून. अर्थात या प्रकारातले सगळेच मला रुचले असे नाही. मुलाने आणखी पाचसहा ऐकवली, त्यांतली दोन शिव्यांनी भरलेली आणि बायकांविषयी नको ते बोलणारी. ती मी मध्येच बंद करायला लावली, आणि तुझ्या तोंडी हे आले तर जेवण बंद, असेही सांगितले.

मग त्याची वही वाचली. विचारून वाचली, चोरून नव्हे. तो वही देऊन बाहेर जाऊन उभा राहिला. पहिल्याच पानावर आपले मंडळ! गेल्या हळदीकुंकवाला तो सतरंज्या उचलायला इथे आला होता, आठवते? तेव्हा मी तुम्हां सगळ्यांसमोर म्हटले होते, "आमचा हा सतरंजीच घालणार, दुसरे काही जमायचे नाही त्याला." तुम्ही हसलात, मीही हसले. त्याने ते शब्दाला शब्द लिहून ठेवले होते, यमक जुळवून. शिवी एकही नव्हती. असती तर बरे झाले असते, मला रागावता तरी आले असते.

मी बाहेर गेले. काय बोलावे सुचेना. शेवटी म्हटले, "तिसरी ओळ लांबली आहे. म्हणताना श्वास कुठे घेणार?" माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, ओवी कुठे तोडायची ते तिने मला शिकवले होते. तो चमकून बघायला लागला. मग आम्ही दोघांनी पायरीवर बसून ती ओळ तोडली. सासूबाईंनी आतून विचारले, "आता हिलाही लागली का?"

पहिले पान मात्र खोडू नको, असे मी त्याला सांगितले आहे. आज लाउडस्पीकर त्यानेच जोडला आहे. तो पाहा, दाराशी तारा धरून उभा आहे. चहापाण्यानंतर अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल, तर दोन मिनिटे त्याला द्यावीत. ही घंटा वाजली, मी बसते.