भंगारातून परतलेला ध्वनिवर्धक

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समोरच्या टेबलावर जी राखाडी पत्र्याची पेटी ठेवली आहे, तिच्याविषयी मी आज बोलणार आहे. विषय लहान आहे. यशाची सूत्रे सांगणारे वक्ते आपल्याला पुष्कळ लाभतील. मी विद्युत देखभालीत आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि मला एखादी वस्तू उघडून दाखवणेच त्यातल्या त्यात बरे जमते.

पेटी मला मिळाली ती सिलतऱ्याला. गोंदियाहून रेल्वेने रायपूर गाठले आणि तेथून बिलासपूरच्या रस्त्याला लागले, की धरसींवा तालुक्यातला हा औद्योगिक परिसर लागतो. तेथे स्पंज आयर्न तयार होते आणि ते भंगार लोखंडाबरोबर विजेच्या भट्टीत वितळवून त्याच्या कांड्या ओततात. साहजिकच भंगाराला तेथे मोठा मान! शिवणयंत्रे, सायकली, पंप, कपाटे, सारे ट्रकांतून येते आणि लाल रस होऊन जाते. अशाच एका भंगाराच्या दुकानात ही पेटी तोडणीच्या ढिगावर होती. रोहित्रांतले तांबे वेगळे, पत्रा वेगळा, काच फेकून द्यायची, असा तिचा पुढचा प्रवास ठरलेला होता. साडेसात किलो भरली. तांब्याच्या भावाने हिशेब करून दुकानदाराने सहाशे रुपये सांगितले आणि मी ते दिले. ती कुठून आली, हे त्याला सांगता आले नाही.

निर्मात्याच्या नावाची पट्टी कोणीतरी काढून नेली होती. स्क्रूंची दोन भोके तेवढी उरली होती. झाकण काढल्यावर मात्र दोन गोष्टी दिसल्या. व्हॉल्व्हच्या काचेवर पुसट झालेली बीईएलची अक्षरे होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिले होते : ‘डावा हॉर्न – विहीर. उजवा – चौक.’ छत्तीसगढात विहिरीला कोणी विहीर म्हणत नाही, कुआँ म्हणतात. म्हणजे हा ध्वनिवर्धक कधीतरी मराठी हातांखाली होता. कुठल्याशा गावात त्याचा एक कर्णा विहिरीकडे तोंड करून बांधलेला असे आणि दुसरा चौकात. गणेशोत्सव असेल, ग्रामपंचायतीची दवंडी असेल, एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलनही असेल. त्या ओळीमुळे माझा विचार बदलला. सुटे भाग काढून घेण्यासाठी घेतलेली पेटी पूर्ववत करायची, असे ठरले.

विद्यार्थ्यांसाठी थोडे मागे जातो. निर्वात नळीचा पहिला उपयोगी प्रकार जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे अग्र घातले. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. आतला ऋणाग्र तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धनाग्राकडे धाव घेतात. वाटेत तारेची जाळी असते. जाळीवरचा विजेचा दाब किंचित बदलला, की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह पुष्कळ बदलतो. कालव्याच्या दारावर एक हात ठेवून पाटभर पाणी कमीजास्त करावे, तसे हे आहे. आपल्या देशात बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९६१ पासून तिने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. त्याआधी, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घरोघरी पोहोचले, तेही अशाच तापलेल्या नळ्यांतून.

या पेटीची रचना ब्रिटनच्या मुलार्ड कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘फाइव्ह-टेन’ मंडलाच्या वळणाची आहे. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, म्हणून ते नाव. त्या कंपनीने १९५९ मध्ये ध्वनिवर्धकांच्या मंडलांची एक पुस्तिकाच काढली होती. आमच्या पेटीत माइकसाठी आणखी एक व्हॉल्व्ह जोडलेला आहे. म्हणजे दोन ईएफ ८६, एक ईसीसी ८३, शेवटी जोडीने काम करणारे दोन ईएल ८४ आणि दिष्टकारी ईझेड ८१. या सहा व्हॉल्व्हचे तंतू तापवण्यातच सुमारे वीस वॅट खर्च होतात, आणि बाहेर आवाज येतो दहा वॅटचा! आजचा विद्युत अभियंता हे ऐकून कपाळाला हात लावील.

जुनी वस्तू हाती आली की पहिला मोह होतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो टाळलाच पाहिजे. आत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो मोठ्या कपॅसिटरांत साठून राहतो. दहा किलोओहमच्या जाड रेझिस्टरमधून तो उतरवायचा, मीटरवर शून्य पाहायचे आणि मगच हात घालायचा. मुलांनो, हे काम एकट्याने आणि कुतूहलापोटी कधीही करू नका.

सिलतऱ्याच्या हवेतली काळी धूळ गच्चीवर, पानांवर बसते, तशी ती या पेटीतही बसली होती. तिच्यात लोहकण असतात. व्हॉल्व्हच्या बैठकीत दोन पायांमध्ये असा थर बसला, की वीज पृष्ठभागावरून वाट काढते. म्हणून कुंचला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी प्रत्येक बैठक धुतली. झाकणाची आतली बाजू मात्र कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडली, कारण पेन्सिलीचे अक्षर पुसले जाऊ द्यायचे नव्हते.

मग बिघाडाचा शोध. शेवटच्या रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्याला मधून एक फाटा असतो. दोन्ही अर्धांचा रोध जवळजवळ सारखा यायला हवा. एकाचा १८० ओहम आला, दुसरा तुटलेला. रोहित्र आपणहून जळत नाही. मागे मागे जात राहिलो, तेव्हा मूळ कारण सापडले ते बोटाच्या पेराएवढ्या मेणकागदी कपॅसिटरात. आधीच्या टप्प्यावरचा शेदोनशे व्होल्टचा स्थिर दाब अडवायचा आणि ध्वनीचा बदलता दाब तेवढा पुढे जाऊ द्यायचा, हे त्याचे काम. तो वयाने पाझरू लागला. ईएल ८४ च्या जाळीवर जिथे जवळजवळ शून्य असावे, तिथे धन दाब चढला, व्हॉल्व्हमधून नको इतका प्रवाह वाहू लागला, धनाग्र लाल झाला असणार, आणि तो सारा प्रवाह रोहित्राच्या त्या अर्ध्या वेटोळ्यातून गेला. एवढ्यातही फ्यूजने ते वाचवले असते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधलेली होती. कार्यक्रम ऐन रंगात असताना फ्यूज उडाला असेल, कोणीतरी ओरडले असेल, आणि कोणीतरी हाताला लागली ती तार गुंडाळली असेल. आपल्याकडची निम्मी यंत्रे या तारेने मेली आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

असे रोहित्र तयार मिळत नाही. परदेशातून मागवता येते. त्या किमतीत अशा दहा पेट्या भंगारातून आल्या असत्या. रायपूरला मोटारींची वाइंडिंग करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांच्यापुढे ते ठेवले. प्रथम त्यांनी ते साध्या रोहित्रासारखे गृहीत धरले : खाली प्राथमिक वेटोळे, वर दुय्यम, झाले. मी विनंती केली, की आधी जुने उलगडू आणि मोजू. ई आणि आय आकाराच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. लाख मऊ व्हावी म्हणून वेटोळे ऊब देऊन सैल केले. ते उलगडत गेले आणि मी वहीत मांडत गेलो. “गिनती लिखते जाओ, साहब,” एवढेच ते अधूनमधून म्हणत. दुसऱ्या थरानंतर त्यांचा हात थांबला. प्राथमिक वेटोळे एकसंध नव्हतेच. त्याचे तीन भाग होते आणि त्यांच्या मध्ये दुय्यमाचे दोन भाग बसवलेले होते, प्रत्येक थराला कागद. हे कोणीतरी विचार करून केले आहे, असे ते आपणहूनच म्हणाले. खरेच आहे ते. दोन वेटोळी अशी एकमेकांत गुंफली नाहीत, तर चुंबकीय गळती वाढते आणि उंच स्वर हरवतात. झांजांची किणकिण जाते, बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात.

या कामात शाळेतले गणित उपयोगी पडले. ईएल ८४ च्या जोडीला समोर ८००० ओहमचा भार हवा. बाहेर कर्णा १६ ओहमचा. दोहोंचे गुणोत्तर ५००, आणि फेऱ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे साधारण २२. वहीतली मोजणी तिथेच आली. कर्ण्यांसाठी १०० व्होल्टचा आणखी एक फाटा होता. विहिरीपर्यंत आणि चौकापर्यंत लांब, बारीक तारा न्यायच्या, तर दाब जास्त आणि प्रवाह कमी ठेवावा. दहा वॅट १०० व्होल्टवर नेले तर ०.१ अँपिअर पुरतो, आठ ओहमवर एक अँपिअरहून अधिक लागतो. सिलतऱ्याच्या भट्ट्यांपर्यंत येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे तत्त्वही हेच आहे.

उलगडायला दोन दिवस लागले, गुंडाळायला तीन. त्या दुकानात शिकणारी मुले मोटारीचे काम सफाईने करतात, पण असे रोहित्र त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. शेवटचे दोन थर त्या वृद्धांनी त्यांच्याकडून करून घेतले.

बाकीचे लवकर सांगतो. पाझरणारे सर्व कागदी कपॅसिटर बदलले. मूल्य वाढलेले रेझिस्टर बदलले. दोन तारांची जुनी केबल काढून अर्थिंगसह तीन तारांची बसवली. फ्यूज योग्य क्षमतेचा घातला. मुख्य रोहित्राचा फाटा २२० व्होल्टवर होता, तो आजचा दाब पाहून २४० वर नेला. मग सिरीजमध्ये बल्ब जोडून आणि डिमरस्टॅटने दाब हळूहळू चढवत पेटी सुरू केली. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, तेव्हा जिवात जीव आला.

एका बाबतीत माझे अनेक मित्रांशी मतभेद आहेत. मोठ्या कपॅसिटरचा जुना डबा पोकळ करून त्यात नवा भाग लपवण्याची पद्धत आहे, म्हणजे पाहणाऱ्याला सारे मूळचेच वाटते. मी तसे केले नाही. जुना डबा जागेवर ठेवला, पण त्याच्या तारा सोडवल्या; नवे भाग खाली, उघड दिसतील असे लावले आणि प्रत्येकाजवळ तारीख लिहिली. उद्या कोणी दुरुस्त करायला बसला, तर जुने काय आणि नवे काय, याचा संशय त्याला येऊ नये.

व्हॉल्व्हचा आवाज गोड असतो का, हे मला हमखास विचारतात. मोजमापाने पाहिले, तर आजची नखाएवढी चिप या पेटीला सहज मागे टाकते. गोडव्याचे श्रेय अनेक जण सम स्वरकांना देतात. पण जोडीने काम करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये तेच पुष्कळसे एकमेकांना छेदून जातात. मला आवडतो, एवढे मी सांगू शकतो.

आता थोडे व्यवहाराचे. ही पेटी मी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेला देत आहे. सोबत ईएल ८४ ची एक नवी जोडी आहे. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते अजून तयार होतात. व्हॉल्व्हच्या काचेच्या आतला चंदेरी डाग पाहत जा. तो दुधासारखा पांढरा झाला, की हवा आत शिरली असे समजा आणि तो व्हॉल्व्ह काढून टाका. कर्णा जोडल्याशिवाय पेटी कधीही सुरू करू नका, नाहीतर ते रोहित्र पुन्हा जाईल. फेऱ्यांची आणि थरांची मोजणी असलेली वही पेटीसोबत ठेवली आहे. तिची एक प्रत रायपूरच्या त्या दुकानातही आहे.