टाळी देणाऱ्यांचे ऋण



जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची नावे आढळतात. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. ‘यवन’ हा शब्द त्या लेखांत कोरलेला आहे, परंतु त्यामुळे त्यांचे दान कोणी नाकारले नाही.

याच तालुक्यातील नारायणगावने ढोलकी फडाच्या तमाशाला घर दिले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर-आंबेगावपासून दूरदूरच्या गावांचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. ग्रामदैवताच्या उत्सवाला तमाशा हवाच, ही आपली जुनी रीत. गणाने आरंभ होतो, म्हणजे प्रथम वंदन गणरायाला. मग गवळण, बतावणी आणि वग. गवळणीतील मावशी पुरुष होतो, कालचा मजूर आज राजा होतो, आणि कोणाला त्यात खोटे वाटत नाही. नटाला दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरता येते आणि प्रेक्षकालाही त्याच्याबरोबर जाता येते. माणूसपणाची ओळख याहून वेगळी ती काय असणार?

‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ असे एका नामवंत फडाचे नाव होते. त्या एका नावात व्यक्ती, जात आणि गाव, तिन्ही आली. भाऊंची कन्या विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली. गाणे, नृत्य, अभिनय या तिन्हींत त्यांनी महाराष्ट्र गाजवला आणि राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानही मिळवला.

विठाबाईंचा एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या आत गेल्या, बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग भाषणांत येतो, टाळ्याही पडतात. परंतु नऊ महिने भरलेल्या आपल्या एका भगिनीला त्या रात्री बोर्डावर उभे राहणे का भाग पडले, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो. घरातील सुनेच्या बाबतीत हेच घडले असते, तर त्याला निष्ठा म्हटले गेले असते काय?

रंगमंचावर त्यांना राणी म्हणून पाहणारा समाज पडदा पडल्यावर त्यांना कोणत्या नावाने ओळखत होता, हे उपस्थितांपैकी ज्येष्ठांना ठाऊक आहे. जानेवारी २००२ मध्ये विठाबाई गेल्या, त्या हलाखीतच. शेवटच्या आजारपणातील खर्चासाठी इतरांच्या मदतीकडे पाहावे लागले. पुढे २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. पुरस्कार योग्यच आहे. मात्र तो उशिरा सुचला. कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे नेली आणि त्याही या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

समरसता हा शब्द शाखेत आणि सभेत वारंवार उच्चारला जातो. त्याची परीक्षा यात्रेच्या मैदानावर, तंबूच्या मागच्या बाजूला आहे. सुपारी देताना गावचे कारभारी रक्कम, तारीख आणि वग ठरवतात. त्याच बैठकीत कलावंत भगिनींच्या मुक्कामाची सुरक्षित जागा, पाणी आणि स्नानाची सोयही ठरावी. गावोगाव फिरणाऱ्या त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय, हेही तेथेच विचारावे. आणि यात्रेच्या महाप्रसादाला कलावंतांची पंगत गावकऱ्यांच्या पंगतीतच बसावी.