कलमाआधी तारीख

1 जुलै 2024 पासून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत एक तक्ता आला आहे. डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे: 302 चे 103, 420 चे 318, जमावबंदीच्या 144 चे 163. दंड संहितेची 511 कलमे जाऊन न्याय संहितेची 358 आली, एवढे आता चहाच्या टपरीवरही ठाऊक आहे. तक्ता पाठ करायला माझी हरकत नाही. पण शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनी कायदा शिकताना कलमाआधी तारीख पाहावी, असे माझे म्हणणे आहे.

समजा, 28 जून 2024 ला चोरी झाली आणि फिर्याद 5 जुलैला दिली. गुन्हा जुन्या दंड संहितेखालचाच. न्याय संहितेच्या 358 व्या कलमाने जुनी जबाबदारी राखून ठेवली आहे आणि कृत्य घडले त्या दिवशीच्या कायद्याहून अधिक शिक्षा देऊ नये, हे घटनेच्या अनुच्छेद 20 नेच बजावले आहे. फिर्यादीची नोंद आणि तपास मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे. तोच तपास 30 जूनला सुरू असता, तर त्या संहितेच्या 531 व्या कलमानुसार तो जुन्याच प्रक्रियेने चालला असता. तक्ता यातले काही सांगत नाही. कधी तो चक्क चकवतो. 154 चे 173 झाले असे त्यात लिहिलेले असते. पण दखलपात्र गुन्हा दिसला की नोंदवलाच पाहिजे, अपवाद मोजकेच, असे 2013 च्या ललिताकुमारी निकालाने ठरवले होते. नव्या 173 च्या तिसऱ्या पोटकलमाने तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली. निकाल जुना आणि कलम नवे असेल, तर त्यातले किती लागू पडते हे दोन्ही तारखा शेजारी ठेवल्यावरच कळते.

कोणी म्हणेल, ही अडचण संक्रमणाची आहे. पाच-दहा वर्षांत जुने खटले निकाली निघतील आणि तारखेचे महत्त्व संपेल. फौजदारीपुरते हे बऱ्याच अंशी खरे मानू. पण आपल्याकडची खरी वकिली जमिनीची, आणि तिथल्या तारखा विझत नाहीत. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबाच्या जमिनीचा सातबारा हातात घ्या. एका नावाला कंस झालेला, शेजारी दुसरे नाव, त्याखाली फेरफार क्रमांक. नवशिका वकील नावे वाचतो. वाचायचा तो फेरफार, कारण दिवस त्यात असतो. व्यवहार 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातला असेल, तर 1974 चा जमीन परत देण्याचा कायदा पुढे येतो. रीतसर खरेदीखताने विकलेली शेतजमीनही त्याखाली परत मिळू शकते, मात्र 6 जुलै 1974 पर्यंत तिचा बिगरशेती वापर झालेला नसावा. हा कायदा घटनेत बसतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार प्रकरणात दिला. त्या तारखेनंतरची विक्री असेल, तर जमीन महसूल संहितेचे 36 अ: शासनाची पूर्वसंमती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली मंजुरी हवी. आणि प्रश्न वनजमिनीचा असेल, तर 13 डिसेंबर 2005 ला ती कोणाच्या ताब्यात होती, हे पाहायचे. तिथे कागद नसला तरी दावा मरत नाही. जुनी विहीर, घराचा चौथरा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, हे सारे वनहक्क नियमांनी पुरावा मानले आहे. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्यावर जमिनीला जो भाव आला, त्यात हे फेरफार पुन्हा उघडले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचाच: परीक्षेत कलम विचारतात, तारीख नाही. मान्य. पण ज्या दोन निकालांवर तुमची स्वतःची सनद उभी आहे, तेच पाहा. 30 जुलै 2024 च्या गौरव कुमार निकालाने नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये यांवर नेता येणार नाही, असे ठरवले. एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीसाठी हा फरक लहान नाही. पण त्याआधी ज्यांनी जास्त भरले, त्यांना परतावा नाही. 20 मे 2025 च्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि त्या दिवसाआधी सुरू झालेली भरती तीतून वगळली. ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे. शिवाय प्रमुख न्यायालयीन अधिकाऱ्याचा, किंवा त्याच्या मोहोरेसह किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो. ठाण्याला किंवा मुंबईला मोठ्या कार्यालयात फायली वाहून तो मिळेलही. तालुक्याच्या न्यायालयात बसलात, तर दाखल्याबरोबर फेरफारही वाचायला मिळतील, आणि पक्षकार कुठल्या पाड्यावरून, किती वाजताच्या एसटीने आला, हेही कळेल.