शेपूट नसलेलं विमान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विमानाचं चित्र काढायला सांगितलं, तर लहान मूलसुद्धा आधी लांबट पोट काढतं, त्याला दोन पंख जोडतं आणि शेवटी न विसरता शेपूट काढतं. शेपटाशिवाय विमान पूर्ण झालं, असं आपल्याला वाटतच नाही. आज मी ज्या विमानाबद्दल बोलणार आहे, त्याला पोट नाही आणि शेपूटही नाही. ते म्हणजे नुसता एक पंख. इंग्रजीत त्याला ‘फ्लाइंग विंग’ म्हणतात, आपण ‘उडता पंख’ म्हणू. एक मीटर रुंदीचा, रेडिओच्या लहरींवर चालणारा असा एक उडता पंख गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने आणि मी मिरजेत आमच्या गच्चीवर बनवला. बाजारातून सुटे भाग आणून जोडला नाही. थर्माकोलच्या ठोकळ्यातून कापून काढला.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पन्नाशी उलटली तरी फ्यूजची तार बदलताना माझा हात कापतो. भाचा मात्र डिप्लोमा झालेला. कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. “मामू, तारेचं एक टोक धरायला माणूस पाहिजे,” एवढंच म्हणून त्याने मला बोलावलं. अडीच महिने मी ते टोक धरून होतो.

सुरुवातीलाच मी त्याला विचारलं, शेपूट असतं कशासाठी? त्याने सांगितलं ते असं. साध्या विमानात वजनाचा मध्य पंखाच्या उचलीच्या जरा पुढे ठेवतात. त्यामुळे नाक खाली जाऊ पाहतं. शेपटाची आडवी पाती मागची बाजू किंचित खाली दाबून धरते आणि नाक सावरतं. लांब दांडीच्या टोकाला लहानसं वजन पुरतं, तसंच हे. उडत्या पंखात ही दांडीच नाही. म्हणून पंख मागे ओढून घेतात, त्यांची टोकं मागच्या बाजूला येतात. त्या टोकांना अगदी थोडा पीळ देतात आणि मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात. म्हणजे शेपूट काढलं, तरी शेपटाचं काम गेलं नाही. ते पंखाच्या अंगावर आलं. मागच्या कडेला दोन झडपा असतात. दोन्ही वर उचलल्या की नाक वर येतं. एक वर आणि एक खाली केली की विमान कुशीवर वळतं. जे काही करायचं, ते याच दोन झडपांनी.

हे ऐकताना मला शेराची आठवण झाली. दोन ओळींतला एक शब्द काढला, तर उरलेल्या शब्दांना त्याचा भार उचलावा लागतो. उचलता येत नसेल, तर शेर पडतो.

आता कापण्याचं काम. थर्माकोल सुरीने कापला की दाणे सुटतात. त्यासाठी धनुकलीला नायक्रोमची तार ताणतात, तिच्यातून वीज सोडतात आणि तापलेली तार थर्माकोलमधून लोण्यातून जावी तशी जाते. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना सनमायकाचे पंखाच्या आकाराचे साचे लावायचे आणि त्यांच्या कडेवरून तार ओढायची. अडचण अशी, की पंख मुळाशी 45 सेंटीमीटर रुंद आणि टोकाशी 20. भाच्याच्या बाजूला 45, माझ्या बाजूला 20. आणि तार दोघांकडून एकाच क्षणी सुटायला हवी. म्हणून दोन्ही साच्यांवर दहा-दहा खुणा केल्या. तो मोठ्याने म्हणायचा, “एक... दोन... तीन.” तेवढ्या वेळात त्याने साडेचार सेंटीमीटर सरकायचं आणि मी दोनच. मी घाई केली तर पंखाला नको तो पीळ पडणार. थांबलो तर तार तिथेच थर्माकोल वितळवून खड्डा पाडणार. दोघांची पावलं वेगळी, पण मात्रा सारख्या. इतकी वर्षं वृत्तांत लिहून जे कळलं होतं, ते त्या दिवशी हाताला कळलं. हे काम उघड्यावर करायचं, कारण वितळणाऱ्या थर्माकोलचा धूर छातीला वाईट.

महाराष्ट्रात 2018 साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, ते योग्यच झालं. आमचा ठोकळा एका फ्रिजच्या खोक्यातून निघालेला होता. कचऱ्यात जायचा तो आभाळात गेला. दोन्ही अर्धे जोडायला झटपट चिकटणारा गोंद चालत नाही, तो थर्माकोल खाऊन टाकतो. साधा फेविकॉल आणि एक रात्र धीर, एवढंच लागतं. पंखाच्या पोटात कार्बनची पोकळ नळी बसवली. वरून ब्राऊन पेपर. हो, शाळेच्या वह्यांना घालतात तोच. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून चिकटवला की वाळल्यावर तो ढोलकीच्या पानासारखा ताणून बसतो आणि नखाने दाबला जाणारा थर्माकोल टणक होतो. भाचा बोटाने टिचकी मारत पंखभर फिरायचा. आवाज पोकळ आला की तिथला कागद सुटलाय म्हणून समजायचं. आमच्या मिरजेत सतारीच्या तबलीवर असंच बोट वाजवून लाकडाची जाडी जोखणारे कारागीर आहेत. हलकं करायचं, पण दुबळं होऊ द्यायचं नाही, हीच त्यांचीही विद्या.

या विमानाला जेट म्हणतात, पण आत ज्वाला नसते. नळीत बसवलेला 64 मिलिमीटरचा पंखा विजेवर फिरतो, मिनिटाला चाळीस हजारांहून जास्त फेरे. पाती आणि नळी यांच्यात मिलिमीटरभरही फट नसते, त्यामुळे आवाज खऱ्या जेटसारखा सणसणीत येतो. लिथियमची बॅटरी मात्र सांभाळून वापरावी लागते. तिला भोक पडलं किंवा ती फुगली तर पेट घेऊ शकते. म्हणून चार्जिंग नेहमी फरशीवर आणि कोणीतरी समोर बसलेलं असताना.

सगळं जोडून वजन भरलं सुमारे 900 ग्रॅम. मग आलं तोल साधण्याचं काम. हिशेबाने तोल नाकापासून 18 सेंटीमीटरवर यायला हवा. 21 सेंटीमीटरच्या मागे गेला, तर कितीही तरबेज माणूस रिमोट धरून उभा असो, विमान उलटंपालटं होऊन पडणार. शेपूट असलेलं विमान थोडी चूक पोटात घालतं, उडता पंख घालत नाही. बॅटरी एक सेंटीमीटर सरकवली की तोल दोन-अडीच मिलिमीटर सरकतो. दोन बोटांच्या टोकांवर विमान तोलून आम्ही संध्याकाळभर बॅटरी मागेपुढे करत होतो.

या तोलापायी माणसांची आयुष्यं गेली आहेत. अमेरिकेत जॅक नॉर्थ्रप या माणसाने शुद्ध पंखाचं विमान हा जन्माचा ध्यास घेतला. त्याचं एक्सबी-35 हे विमान 1946 साली उडालं आणि आठ जेट इंजिनांचं वायबी-49 हे 1947 साली. पंखांची रुंदी 172 फूट. जून 1948 मध्ये त्यातलं एक कोसळलं आणि आतले पाचही जण गेले. त्यांच्यातल्या कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचं नाव कॅलिफोर्नियातल्या हवाई तळाला दिलं गेलं. पुढे सगळी योजनाच गुंडाळली आणि विमानं भंगारात काढली. नॉर्थ्रप कंपनीतून बाहेर पडला. 1980 साली, वयाने आणि आजाराने खचलेल्या त्या माणसाला एक गुप्त मॉडेल दाखवण्यात आलं. त्याच्याच कल्पनेतला उडता पंख. पुढच्याच वर्षी तो वारला. ते विमान, बी-2, उडालं 17 जुलै 1989 रोजी. पंखांची रुंदी तीच, 172 फूट. मधल्या काळात संगणक आला होता. जो तोल माणसाला सेकंदासेकंदाला सांभाळता येत नव्हता, तो आता संगणक सांभाळतो. आपल्याकडे कर्नाटकात चित्रदुर्गला 1 जुलै 2022 रोजी डीआरडीओने अशाच आकाराचं वैमानिकाविना चालणारं विमान उडवलं.

हा आकार बॉम्ब वाहून नेण्यासाठी इतका प्रसिद्ध व्हावा, याची कवी म्हणून मला खंत वाटते. कारण निसर्गाने तो फार आधी वेगळ्याच कामासाठी बनवला आहे. इंडोनेशियाच्या जंगलात अल्सोमित्रा नावाची वेल उंच झाडांवर चढते. तिच्या बीला दोन्ही बाजूंनी कागदासारखा पातळ पंख असतो, सगळा मिळून वीतभर रुंदही नाही. तोही बिनशेपटाचा. फळ उकललं की ती बी तरंगत, हेलकावे घेत आईच्या सावलीपासून दूर जाऊन पडते. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातल्या विमानं बनवणाऱ्यांनी ती बी हातात घेऊन अभ्यासली होती.

उडवण्यासाठी आम्ही मिरजेबाहेरचं एक माळरान निवडलं. ड्रोनसाठी सरकारने 2021 साली केलेले नियम भाच्याने वाचले होते आणि नकाशावर ती जागा मोकळ्या क्षेत्रात आहे, हेही पाहिलं होतं. विमानतळाजवळ किंवा वस्तीवर असली हौस करायची नाही. दुल्हाभाई, म्हणजे त्याचे वडील, बरोबर आले होते. अडीच महिने त्यांचा एकच प्रश्न होता, “ह्यातून पैसे किती सुटतात?” मला हा प्रश्न ओळखीचा आहे; माझ्या प्रत्येक कवितासंग्रहाला तो विचारला गेलाय.

हवेत टिकायला या पंखाला तासाला तीस किलोमीटरचा तरी वेग लागतो. हाताने फेकून तो भरवशाने मिळत नाही. म्हणून जमिनीत खुंटी ठोकून रबरी नळी आणि दोरी ताणली, दोरीचं कडं विमानाच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवलं. मी विमान धरून उभा. “मामू, सोडा!” हातातून सुटलं, नाक जरा खाली गेलं, पंख्याचा आवाज चढला आणि शेपूट नसलेलं ते विमान सरळ वर निघालं. भाच्याच्या अंगठ्यांखेरीज त्याला कशाचा आधार नव्हता. समोरून पाहिलं तर नुसती एक रेघ. वळलं की पांढरा त्रिकोण.

चार मिनिटं. अडीच महिन्यांचं काम आणि चार मिनिटं. मग बॅटरी उतरत आली, पंखा थांबला आणि ते गवतावर पोट घासत आलं. एका कडेचा कागद फाटला, बाकी धक्का नाही.

दुल्हाभाई विमानापाशी गेले. उकिडवे बसून त्यांनी फाटलेल्या कागदावरून बोट फिरवलं. पैशांचं काही बोलले नाहीत. म्हणाले, “बॅटरी परत भरायला किती वेळ लागतो?”

तासभर लागतो. आम्ही तिघंही माळावर बसून राहिलो.