डब्याला कुलूप, फडताळ उघडं

लोणावळा, कामशेत, तळेगावाहून लोकलनं कॉलेज गाठणाऱ्या कॉम्प्युटरच्या मुलामुलींशी आज बोलायचंय. लिनक्स, रूट, ७७७ तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून थेट मुद्दाच सांगतो. फाइल पुसण्याची परवानगी फाइलवर नसते. ती फाइल ज्या डिरेक्टरीत आहे, त्या डिरेक्टरीवर असते.

घरातलं सामायिक फडताळ डोळ्यांसमोर आणा. आजीनं इंद्रायणी तांदळाच्या डब्याला कुलूप घातलंय, फडताळ मात्र सताड उघडं. नातवाला डबा उघडता येत नाही, पण तो उचलून फेकता येतो आणि तिथं हुबेहूब तसाच दुसरा ठेवता येतो. रात्री आजी त्यातलाच तांदूळ शिजत घालते! ईटीसी डिरेक्टरी ७७७ केलीत की हेच होतं. शॅडो फाइल ६०० असू दे, कोणीही ती हटवून आपली ठेवेल. मग रूटचा पासवर्डही त्याचाच.

डिरेक्टरीवरचं रीड म्हणजे डब्यांची नावं वाचणं, एक्झिक्यूट म्हणजे आत हात घालणं, राइट म्हणजे डबे ठेवणं आणि काढणं. टेम्पमध्ये सगळ्यांनाच लिहावं लागतं, म्हणून ती १७७७. तो पुढचा एक म्हणजे स्टिकी बिट: डबा कोणीही ठेवावा, काढताना मात्र ज्यानं त्यानं आपलाच काढावा. रूटला अर्थातच सगळं मोकळं.

आणि बाळांनो, ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की अख्ख्या सिस्टिमवर ७७७ मारायची ही कुठली सवय? त्यानं सुडोवरचा सेटयूआयडी बिटच उडतो आणि सुडो चालायचं नाकारतो. एसएसएचही उघड्या पडलेल्या खाजगी किल्ल्या घेत नाही. मग सरसकट ७५५ करूनही भागत नाही, कारण प्रत्येक फाइलची परवानगी वेगळी असते.

आता मोठ्या सामायिक यंत्रांचं बघा. पुण्यात १९८८ साली सीडॅक सुरू झाली, १९९१ साली तिचा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर आला. आज आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. अशा यंत्रावर कितीतरी जण एकाच वेळी काम करतात. उद्या तुम्हाला तिथं अकाउंट मिळालं आणि यूएसआरमध्ये लिहिता आलं नाही, तर रुसू नका. तुमची लायब्ररी होममध्ये बसवा.

पुन्हा सांगतो, फाइलची परवानगी पाहून थांबू नका. तिच्या डिरेक्टरीची बघा, मग त्याही वरच्या डिरेक्टरीची, थेट रूटपर्यंत.

एका प्रोजेक्टवर चौघं असाल तर ७७७ नको, ग्रुप करा आणि त्या ग्रुपची डिरेक्टरी २७७० ठेवा, म्हणजे नव्या फाइलला तोच ग्रुप लागतो. पण यूमास्क जुळला नाही, तर सोबत्याला त्या फाइलमध्ये लिहिता येत नाही, त्यासाठी... घड्याळ पुढं गेलं. यूमास्क तुमच्या सरांना विचारा.